जत्रेला जाऊन येतो, असं सांगून

ठाण्याच्या वागळे इस्टेट भागातून एका ४४ वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात सांगते. त्यांच्या आईचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. १९६१ मध्ये धरणाचं पाणी चढणार म्हणून गाव उठलं, तेव्हा आई सहा वर्षांची होती. आजोबांना ठाणे जिल्ह्यात पुनर्वसनाची जमीन मिळाली. आजी आणि दोन मुलगे यांना घेऊन ते तिकडे गेले, मुलीला मात्र वरच्या वाडीत आत्याकडे ठेवलं. निघताना तिला सांगितलं, ‘जत्रेला जाऊन येतो.’ ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आत्याच्या घराची भिंत पडली, आणि त्यानंतर आजोबा येऊन बारा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. मधल्या सहा वर्षांबद्दल आई कधीच बोलली नाही. त्या गावातल्या घराची एकच वस्तू उरली आहे, आजीच्या जात्याचा लाकडी खुंटा. जातं नेता आलं नाही म्हणून आजीने तेवढा उपसून घेतला होता. तो आजही स्वयंपाकघरात लाटण्याशेजारी असतो.

आता आई ७० वर्षांच्या आहेत. वडील गेल्यापासून फ्लॅट त्यांच्या नावावर आहे. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि दोन महिन्यांत घर रिकामं करायचं आहे, पण आई सही करत नाहीत. तीन महिने झाले, दाराशी एक भरलेली पिशवी ठेवून झोपतात, किंवा झोपतच नाहीत. भावाचं म्हणणं असं की सही कशीबशी घेऊ, आईला महिनाभर गावाला नेऊ आणि तेवढ्यात सामान भाड्याच्या घरी हलवू. दुसरीकडे, वाचक भगिनींच्या १८ वर्षांच्या मुलीला परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे, आणि ती जाणार या विचाराने यांच्या पोटात गोळा येतो. ती क्लासला गेली तरी या दिवसातून दहा वेळा फोन करतात. ‘तू तुझ्या आईसारखीच,’ असं यजमान म्हणतात. असे आघात जीन्समधून पुढच्या पिढीत उतरतात, असं या भगिनींनी कुठेतरी वाचलं आहे. त्या विचारतात, ‘हे आमच्या रक्तातच आहे का? मुलीतही उतरणार का? आईला बोलतं केलं तर सुटेल का? आणि भावाचं ऐकू का?’

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मनात राहिला तो खुंटा. दुसऱ्या वेळी आत्या. आत्याबद्दल पुढे बोलते, आधी तातडीचं.

भावाचा बेत मान्य करू नका. त्याचा हेतू वाईट आहे असं मला मुळीच वाटत नाही. भिंतीवरचे फोटो उतरताना आईने बघू नयेत, एवढंच त्याच्या मनात असेल. पण ‘जत्रेला जाऊन येतो’ आणि ‘महिनाभर गावाला जाऊन येऊ’ ही दोन वाक्यं जरा शेजारी ठेवून बघा. जे सहाव्या वर्षी झालं तेच सत्तराव्या वर्षी, आणि या वेळी पोटच्या मुलांकडून. आई परत येतील त्या एका अनोळखी दाराशी, आणि आपल्याला पुन्हा एकदा न सांगता हलवलं हे त्यांना त्याच क्षणी कळेल. त्यानंतर तुमच्या कुठल्याही शब्दावर त्यांचा विश्वास बसणार नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. घर त्यांच्या नावावर आहे. सही त्यांची, आणि ती समजून केलेलीच हवी. भावाशी भांडू नका, हा परिच्छेद त्याला वाचून दाखवा. त्यालाही आजोबांचं ते वाक्य माहीत असेल, फक्त आपण तेच करायला निघालो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं नसेल.

आता रक्ताचा प्रश्न. तुम्ही जे वाचलं त्यामागे बहुधा न्यूयॉर्कच्या संशोधक रेचल येहुदा यांचं काम असावं. नाझी छळातून वाचलेले ३२ ज्यू आणि त्यांची २२ मुलं यांचं रक्त त्यांच्या गटाने तपासलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ताणाला शरीर कसं तोंड देतं याच्याशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांना पालकांत आणि मुलांतही वेगळ्या आढळल्या. जनुक बदललं नव्हतं, त्याच्यावरची खूण वेगळी होती. काम महत्त्वाचं आहे, पण माणसं मोजकी होती, आणि त्या खुणा आईच्या पोटात असताना उमटल्या की तशा घरात वाढताना, हे त्यातून सांगता येत नाही. ‘आजीचं दुःख नातीच्या रक्तात’ हा मथळा वाचायला सोपा, पण एवढ्या पुराव्यावर तुमच्या मुलीचं भविष्य कोणी लिहू नये. तुम्ही तर नकोच.

माझ्या मते तुमच्या घराच्या जास्त जवळ आहे ती फिनलंडची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सत्तर हजारांच्या आसपास मुलांना आईवडिलांशिवाय, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून, मुख्यतः स्वीडनमधल्या अनोळखी कुटुंबांकडे पाठवलं होतं. हेतू जीव वाचवण्याचा. अनेक घरांत एक मूल गेलं आणि त्याचं सख्खं भावंड घरीच राहिलं. पुढे संशोधकांनी या दोघांच्या मुलांची, म्हणजे चुलत-मावस भावंडांची, तुलना केली. २०१८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की लहानपणी पाठवलेल्या मुलींच्या पोटी ज्या मुली जन्मल्या, त्यांना मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता त्यांच्या मावस-मामे बहिणींपेक्षा साधारण दुप्पट होती. मुलग्यांत तसं दिसलं नाही. लहानपणी पाठवले गेलेल्या वडिलांच्या मुलांतही नाही. आईकडून लेकीकडे, एवढीच ती वाट.

हे वाचून घाबरू नका. म्हणून तर पुढचं लगेच सांगते. दुप्पट झाली तरी अशा मुलींपैकी बहुतेकींवर रुग्णालयात जायची वेळ आलीच नाही. आणि ही वाट जनुकांची की संगोपनाची, हे त्या अभ्यासातूनही ठरत नाही. पण घरात ते कसं चालत असेल, हे तुमच्या पत्रातच मला दिसतं. आपण मराठी माणसं निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. तुम्ही लिहिलंय की तुमची आई हा शब्द कधीच उच्चारत नाही, कोणी निघालं की ती आत ओट्याशी जाऊन काहीतरी घासत बसते. शाळेला निघताना तुम्ही ती पाठ रोज पाहिलीत. कोणी दाराबाहेर पडणं म्हणजे काहीतरी भयंकर असतं, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. तुम्ही ते आईच्या पाठीकडे बघून शिकलात. आणि जे शिकलेलं असतं त्यात फेरफार करता येतो, चव्वेचाळिसाव्या वर्षीसुद्धा.

आता आत्या. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख दोनदा आहे, दोन्ही वेळा जागा म्हणून: ‘आत्याकडे ठेवलं’, ‘आत्याच्या घराची भिंत’. तुमच्या घरात आईचं दुःख म्हणजे पाण्याखाली गेलेलं गाव, असं धरलेलं दिसतं. म्हणून तर भाऊ दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दाखवायला नेतो म्हणतो आणि आई नको म्हणतात. मी हिशेब वेगळा मांडते. सहा ते बारा ही वर्षं आई आत्याच्या पदराखाली वाढल्या. नाचणीची भाकरी थापायला, केस विंचरायला, पहिल्यांदा अंगात आलेल्या तापात उशाशी बसायला तीच असणार. मग एके दिवशी, घराची भिंत पडलेली, सगळे थंडीत उघड्यावर, अशा वेळी जवळजवळ अनोळखी झालेला एक पुरुष ‘मी तुझा बाप’ म्हणून आला आणि त्यांना घेऊन गेला. घरचे याला ‘आई परत मिळाली’ म्हणतात. त्या मुलीच्या दृष्टीने तिची आई दुसऱ्यांदा गेली. फिनलंडच्या मुलांचंही असंच झालं होतं. कित्येक जण मायदेशी परतले तेव्हा फिनिश विसरले होते, सख्ख्या आईशी बोलायला भाषाच नव्हती, आणि स्वीडनमधली जी माय झाली होती तिच्यासाठी रडायची सोय नव्हती, कारण आता सगळं ठीक झालं होतं ना!

पहिल्या ताटातुटीबद्दल निदान सगळ्यांना वाईट वाटतं. दुसरीची कोणी दखलच घेतली नसावी. मी चुकत असेन, तुम्ही तुमच्या आईला ओळखता, मी नाही. पण पाण्याखालचं गाव दाखवायला नेण्याआधी एकदा साधा प्रश्न विचारून बघा, तोही भाजी निवडता निवडता, डोळ्याला डोळा न भिडवता: ‘आई, आत्याच्या हातचं तुला काय आवडायचं?’ उत्तर आलं तर ऐका. नाही आलं तर मेथी निवडा. पुन्हा महिनाभर विचारू नका. आत्याचा एखादा फोटो नातेवाइकांकडे असेल तर मिळवा आणि घरात लावा, बाकीच्यांच्या ओळीत.

बोलतं करण्याबद्दल विचारलं होतंत. ‘एकदा सगळं बाहेर आलं की मोकळं होतं’ हे आपण फार सहज म्हणतो. काहींच्या बाबतीत ते खरं ठरतं. काहींना मात्र खोदून विचारलं की जखम नव्याने वाहते आणि विचारणारा आपल्या घरी निघून जातो. तुमच्या आईंनी न बोलता संसार केला, दोन मुलं वाढवली, पाऊणशेच्या घरात आल्या. ते मौन त्यांचं आहे. तुम्हाला जे जाणून घ्यायचं आहे त्यासाठी दुसरी दारं आहेत. थोरले मामा हयात आहेत, ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असणार. त्यांच्याकडे जा. एक मोठा कागद न्या आणि गावाचा नकाशा काढायला लावा: घर, देऊळ, नदीचा उतार, वरच्या वाडीची पायवाट. वयस्कर माणसांच्या आठवणी प्रश्नांपेक्षा नकाशावर लवकर येतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

मामांना एक गोष्ट मात्र विचाराच. मुलगीच का ठेवली? कदाचित उत्तर टोचेल. मुलगे शेतीला हवेत, मुलगी काय परक्याचं धन, असाही विचार असेल, आणि तसा असेल तर त्यावर पांघरूण घालू नका. पण त्याचबरोबर तेव्हाची परिस्थितीही विचारा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ मध्ये. कोयनेचं पाणी त्याच्या पंधरा वर्षं आधी चढलं. ठाणे, रायगड, रत्नागिरीपासून सांगली-सोलापूरपर्यंत एकेका गावाची माणसं पांगली. कुठे जमीन होती पण रान साफ केलेलं नव्हतं, कुठे घराच्या जागी नुसती खूण. तोंडावर पावसाळा. सहा वर्षांच्या मुलीला तिथे नेलं असतं तर ती जगली असती का, ही भीती बापाला नसेलच असं म्हणता येणार नाही. तुमच्या आईंच्या मनात ‘मी नकोशी होते’ हे सहा दशकं बसलं असण्याची शक्यता आहे. त्याची दुसरी बाजू सांगू शकणारा माणूस आता एकच उरला आहे, आणि तो त्यांचा भाऊ. त्याला घरी बोलवा. तुम्ही चहा ठेवा आणि उठून जा.

सही न करण्याकडेही एकदा वेगळ्या नजरेने बघा. ‘आई हट्टी झालीय’ असं तुम्ही तीन वेळा लिहिलंय. ज्या मुलीच्या बापाला कागदावर जमीन मिळाली आणि प्रत्यक्षात काय मिळालं ते तिने पाहिलं, तिने ‘तीन वर्षांत नवीन घर देतो’ या शब्दावर शंका घेतली तर त्यात हट्ट कुठे आहे? कोयनेच्या धरणग्रस्तांपैकी काहींचे जमिनीचे अर्ज आजही सरकारदरबारी फिरत आहेत. आणि ठाण्यात अर्धवट राहिलेले पुनर्विकासाचे सांगाडे तुम्हीही रोज रिक्षातून बघत असाल. त्यांची शंका रास्त आहे, आणि ती तुमच्या फायद्याचीही आहे.

तेव्हा तीच धरून पुढे जा. कराराची मराठी प्रत विकासकाकडे मागा, नाही दिली तर ओळखीच्या वकिलाकडून सारांश मराठीत लिहून घ्या आणि आईंना वाचून दाखवा. भाडं किती महिन्यांचं आगाऊ, ते कधीपर्यंत चालू राहणार, ताब्याची तारीख कोणती, उशीर झाला तर काय, बँक हमी आहे का, महारेरात नोंदणी कधी, नवीन फ्लॅट कितव्या मजल्यावर. त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत सोसायटीच्या सभेत विचारा. उत्तरं पटली नाहीत तर सही लांबवायचा अधिकार त्यांना आहे. बाकीच्या बहुमताने प्रकल्प पुढे जाऊ शकतो आणि शेवटी घर सोडावं लागू शकतं, हेही त्यांच्यापासून लपवू नका. वाईट बातमी आधी कळलेली बरी, असं मी म्हणते ते याच घरासाठी.

भाड्याचं घर शक्यतो त्याच भाजीवाल्याच्या, त्याच देवळाच्या टप्प्यात बघा. दोन-तीन घरं पाहून झाल्यावर निवड त्यांना करू द्या. हलण्याआधी एखादी दुपार तिथे नुसतं बसून चहा पिऊन या, म्हणजे पहिली रात्र अगदीच परकी जाणार नाही. कॅलेंडरवर तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या. जुन्या घराला शेवटचं कुलूप त्यांनी लावावं. आणि ती दाराशी ठेवलेली पिशवी, तिला हात लावू नका, त्यावरून हसू नका. आत काय आहे ते त्यांनी दाखवलं तर बघा.

मुलीचं सांगते. परभणीला जाणं आणि आत्याकडे ठेवलं जाणं यात आपण घोटाळा करतो आहोत. तुमची मुलगी स्वतः निवडून जाते आहे, तिला पत्ता माहीत आहे, फोन हातात आहे, सुट्टीची तारीख छापील आहे. तुमच्या आईंकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांना मोडलं ते अंतराने नव्हे, तर फसवून गेल्याने आणि परतीचा दिवस न सांगितल्याने, असं मला वाटतं. तुम्ही मुलीला घरी ठेवून घेतलीत तर आईचं जुनं काही भरून येणार नाही, उलट दार ओलांडण्याची धास्ती तेवढी तिसरीकडे जाईल.

तेव्हा फोनच्या दोन वेळा ठरवा, सकाळी एक आणि रात्री एक. लाइव्ह लोकेशन पहिले पंधरा दिवस, मुलीच्या संमतीने, मग बंद. मधल्या वेळेत हात फोनकडे गेला तर तो जाऊ द्या, पण आधी दहा मिनिटं काहीतरी हाताने करा. पहिला आठवडा कठीण जाईल, हे आधीच सांगून ठेवते. मुलीला आजीची गोष्ट सांगा, नातीला ती माहीत असायला हवी. पण ‘तू गेलीस की आजीला त्रास होतो, मला होतो’ असं ओझं तिच्या बॅगेत घालू नका. निघताना तिने आजीसमोर उभं राहून तारखेसह सांगावं, ‘आजी, अमुक दिवशी येते.’ आणि त्या दिवशी यावंच. परीक्षेमुळे तारीख बदलली तर आजीला स्वतः फोन करून सांगावं, तुमच्यामार्फत निरोप नको.

एक वैद्यकीय बाजूही आहे. सत्तरीत तीन महिने झोप नसणं हे नुसतं जुन्या आठवणींवर ढकलू नका. थायरॉइड, बी-१२, ऐकण्याची क्षमता, आणि विसरभोळेपणा नव्याने वाढलाय का, एवढं डॉक्टरांकडून तपासून घ्या. जेवण तुटलं, किंवा ‘आता जगून काय करायचं’ असं त्या बोलल्या, तर त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे. आणि तिथे आधी तुम्ही स्वतःसाठी जा, आईला नेण्याचा विचार नंतर. पोटातला गोळा तुमचा आहे.

ही घरं एकट्या कोयनेची नाहीत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बराकींत येऊन पडलेली आणि १९४९ मध्ये उल्हासनगर ज्यांच्यासाठी वसलं ती सिंधी कुटुंबं, नवी मुंबईसाठी ज्यांच्या भातखाचरांची जमीन गेली ती ९५ गावं, यांतल्या नातवंडांची पत्रंही मला येतात. तपशील निराळे असतात, पण ‘आमच्याकडे त्यावर बोलत नाहीत’ हे वाक्य बहुतेक पत्रांत असतं. त्यांनीही आपल्या घरातल्या वृद्धांना काय हरवलं हे विचारण्याआधी कोण हरवलं, ते विचारून बघावं.

सामान हलवायच्या दिवशी पॅकर्सची माणसं स्वयंपाकघरात शिरण्याआधी लाटण्याशेजारचा तो खुंटा बाजूला काढा. खोक्यात भरू नका. कुठे ठेवायचा ते आईंना विचारा, आणि त्या म्हणतील तिथे ठेवा, अगदी दाराशी असलेल्या त्या पिशवीत म्हणाल्या तरी.